ज्वरातील अतिसार आणि आपले कर्तव्य

२०२०-२१ च्या कोविड साथीत रुग्णालयात दाखल झालेल्या अनेकांना खोकल्यासोबत, काहींना तर त्याआधीच, अरुची, छर्दी व अतिसार झाला. या विषाणूस पेशीत प्रवेश देणारा एसीई-२ ग्राहक फुफ्फुसांप्रमाणे आतड्यांतही असतो. ज्वराची संप्राप्ती आमाशयापासून सांगणाऱ्या चरकाच्या अनुयायांना याचे नवल वाटू नये. मात्र केवळ अभिमान पुरेसा नाही. साथीच्या काळात अहमदपूरसारख्या गावी वैद्यांनी ज्वरयुक्त अतिसार निव्वळ अजीर्ण मानू नये. औषधविक्रेत्यांनी कुटजारिष्टाची बाटली देऊन रुग्णास वाटेला लावू नये. प्राणवायूची पातळी मोजावी. ती ९४ टक्क्यांहून कमी भरल्यास रुग्णास लातूर वा नांदेडला धाडण्यास विलंब नको. अग्नीची चिकित्सा करताना प्राणवह स्रोतसाची परीक्षा विसरता कामा नये.