जोडलेली वाक्ये आणि विसरलेला ‘जो’

भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत संबंधी सर्वनामांचे प्रकरण बहुधा उत्तरार्धात येते आणि फारशी चर्चा न होता संपते. क्रियापदांच्या रूपांशी झगडून थकलेल्या विद्यार्थ्याला ते विश्रांतिस्थान वाटावे, असाच त्याचा थाट असतो. दोन लहान वाक्ये घ्यावीत, दोनदा आलेले नाम एकदाच ठेवावे, मध्ये एक सर्वनाम बसवावे, की काम झाले. आंतरजालावरील पाठांनी हे प्रकरण आणखी सोपे केले आहे. तिथे रिकामी जागा असते, खाली चार पर्याय असतात आणि अचूक पर्यायावर बोट ठेवताच हिरवी खूण उमटते. आमचे म्हणणे असे, की या सोपेपणात एक मोठी गोष्ट निसटते. आणि साहित्याच्या अभ्यासकाला तिची उपेक्षा परवडणारी नाही.

आम्ही तिघे साहित्याचे अध्यापक. लॅटिन अमेरिकन कादंबरी वर्गात शिकवायची आणि तीही इंग्रजी अनुवादाच्या आधाराने, याचा संकोच पुष्कळ वर्षे मनात होता. शेवटी गेल्या पावसाळ्यात आम्ही संगणकावरील पाठांच्या साहाय्याने स्पॅनिश शिकू लागलो. संबंधी सर्वनामांच्या पाठात आमच्यापुढे दोन वाक्ये आली. पहिले, ‘तेंगो उना बेसिना’, म्हणजे मला एक शेजारीण आहे. दुसरे, ‘ला बेसिना कांता पोर ला मान्याना’, म्हणजे शेजारीण सकाळी गाते. ही वाक्ये जोडा, अशी सूचना होती. अपेक्षित उत्तर होते ‘तेंगो उना बेसिना के कांता पोर ला मान्याना’. आमच्यापैकी एकाने लिहिले, ‘ला बेसिना के तेंगो कांता पोर ला मान्याना’. लगेच तांबडी खूण उमटली. कारण मात्र कोठेही दिलेले नव्हते.

वस्तुतः दुसरे वाक्यही व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. भेद आहे तो अर्थाच्या मांडणीत. पहिल्या वाक्यात शेजारणीचा परिचय करून दिला जातो आणि तिचे गाणे हा त्या परिचयाचा तपशील ठरतो. दुसऱ्यात शेजारीण आहे हे गृहीतच आहे. सांगायचे आहे ते तिचे गाणे. म्हणजे प्रश्न केवळ ‘के’ कोठे बसवायचा एवढाच नव्हता. दोहोंपैकी कोणत्या विधानाला मान द्यायचा आणि कोणते त्याच्या पदराखाली ठेवायचे, असा तो प्रश्न होता. पाठाने तो विचारलाच नाही. उलट ज्याला तो सुचला त्याला गुण नाकारले.

आपल्या शालेय व्याकरणाला हा भेद ठाऊक आहे. समान दर्जाची वाक्ये ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ यांनी जोडली की संयुक्त वाक्य होते; एक वाक्य प्रधान आणि दुसरे गौण असेल तर ते मिश्र वाक्य. ‘जो’ ज्या वाक्यात येतो ते गौण. ‘प्रधान’ आणि ‘गौण’ या दोन शब्दांतच दर्जाचा निवाडा आहे. ‘वाक्ये जोडा’ ही सूचना मिश्र वाक्याला संयुक्त वाक्याच्या पंगतीत बसवते. सर्वनाम म्हणजे जणू डिंक, असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजतो तो येथेच.

आता दुसरी गोष्ट. आमच्या वाट्याला आलेले पाठ इंग्रजीतून होते, आणि त्यांतील स्पष्टीकरणांचा बराच भाग इंग्रजीमुळे होणाऱ्या चुका निस्तरण्यात खर्च झाला होता. इंग्रजीत ‘मी वाचलेले पुस्तक’ या अर्थाची रचना संबंधी सर्वनाम गाळूनही होते. स्पॅनिशमध्ये ‘के’ गाळता येत नाही, म्हणून एक ताकीद. इंग्रजी माणसासाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘व्हिच’ वापरते. त्या सवयीने विद्यार्थी माणसाचा उल्लेख आला की ‘किएन’ लिहितो, म्हणून दुसरी ताकीद. इंग्रजी बोलताना शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवता येते. स्पॅनिशमध्ये ते सर्वनामाच्या आधी आणावेच लागते, म्हणून तिसरी.

यांपैकी एकही ताकीद मराठी माणसाला मुळात लागू नाही. ‘जो माणूस’ आणि ‘जो दगड’ यांत आपण सर्वनाम बदलत नाही. स्पॅनिश ‘के’सुद्धा माणूस आणि दगड दोघांनाही पुरतो. ‘जो’ आपण गाळत नाही. ‘ज्याच्याबरोबर’, ‘ज्यात’, ‘जिच्यासाठी’ अशी संबंधाची खूण आपण सर्वनामालाच चिकटवतो. ती मागे सोडून पुढे जाण्याची सोय मराठीत नाही. इतकेच नव्हे, तर ‘मी झाड पाहिले’ पण ‘मी राधाला पाहिले’ असा जो भेद आपण न शिकता करतो, तोच भेद स्पॅनिश माणसावाचक कर्माआधी ‘आ’ घालून करते. त्यामुळे ‘ला मुहेर आ किएन बि’ आणि ‘जिला मी पाहिले ती बाई’ यांतील ‘आ किएन’ आणि ‘जिला’ हे एकमेकांना पाहताक्षणी ओळखतात. इंग्रजीच्या दारातून आत शिरणाऱ्या विद्यार्थ्याची आणि त्यांची ही भेट होऊ शकत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण ‘कुयो’चे. हे स्वामित्वदर्शक संबंधी सर्वनाम शिकताना विद्यार्थी अडखळतात, कारण ते धन्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालत नाही. ज्या वस्तूवर स्वामित्व आहे तिच्याप्रमाणे चालते. लेखक पुरुष असला तरी त्याची कादंबरी स्त्रीलिंगी, म्हणून ‘एल एस्क्रितोर कुया नोबेला’. लेखिका स्त्री असली तरी तिची पुस्तके पुल्लिंगी व अनेकवचनी, म्हणून ‘ला एस्क्रितोरा कुयोस लिब्रोस’. इंग्रजीतील ‘हूज’ कोणाहीपुढे वाकत नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो. मराठी विद्यार्थ्याने नुसते ‘ज्याची कादंबरी’, ‘ज्याचा लेख’, ‘ज्याचे पुस्तक’ म्हणून पाहावे. वाकणारा ‘चा-ची-चे’ त्याच्या जिभेवरच आहे. किंबहुना मराठी एक पाऊल पुढे आहे: ‘ज्याची’ आणि ‘जिची’ यांत धन्याचे लिंगही आपण नोंदवतो, ‘कुया’ त्याबाबत मौन पाळते. जो नियम आपल्या घरात रोज वावरतो, तो आम्ही तिघांनी परदेशी पाहुणा समजून घोकला. हे लक्षात आले तेव्हा हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

अर्थ या कोटीबाबतही हेच. ‘बुस्को उन लिब्रो के एक्सप्लिका एस्तो’ म्हणणाऱ्याच्या मनात एक ठरावीक पुस्तक आहे. ‘एक्सप्लिके’ म्हणणाऱ्याला तसे पुस्तक जगात आहे की नाही याचीच खात्री नाही. पाठांत याची नियमावली दिलेली असते. मराठीत ‘हे समजावणारे एक पुस्तक आहे, ते मी शोधतो आहे’ आणि ‘हे समजावील असे पुस्तक मी शोधतो आहे’ एवढे म्हटले की प्रकाश पडतो. ‘असे’ आणि ‘समजावील’ यांच्यामधील अनिश्चितता आपल्याला नवी नाही.

यावर कोणी म्हणेल, की ही तुलना म्हणजे स्वभाषेचे कौतुक झाले. तसे नाही, कारण जिथे मराठी साथ सोडते ती जागा अधिक महत्त्वाची आहे. स्पॅनिश आधी नाम सांगते आणि मग ‘के’ने त्याला वाक्य जोडते. त्या वाक्यातील शेवटच्या नामाला पुन्हा ‘के’, त्यातील नामाला पुन्हा ‘के’, अशी साखळी पुढे पुढे वाढू शकते. ‘मी त्या शिक्षिकेला ओळखतो’ इथून निघालेले स्पॅनिश वाक्य तिच्या शाळेपाशी, शाळेजवळच्या नदीपाशी आणि शेवटी नदी ज्यातून वाहते त्या गावापाशी जाऊन थांबते. सहज मराठीत आपण म्हणू, ‘गावातून वाहणाऱ्या नदीकाठच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत’. इथे वाचकाला प्रथम दिसते ते गाव. बाई दिसतात त्या शेवटी. तपशील तेच, पण दृष्टीचा प्रवास नेमका उलटा. ‘जो-तो’ची रचनाही सामान्यतः गौण वाक्य आधी मांडते आणि ‘तो’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला थांबवून ठेवते.

साहित्याच्या दृष्टीने हा क्रम म्हणजेच अर्थ आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या १९६७ सालच्या कादंबरीचे पहिले वाक्य अनेक वर्षांनंतरच्या एका क्षणापासून निघते, आठवणीतल्या दुपारपाशी येते आणि मग ‘एन के’ या दोन शब्दांच्या पुलावरून बालपणात उतरते. बर्फ येतो तो अगदी शेवटच्या शब्दात. ‘ज्या दुपारी’ अशी सुरुवात करणाऱ्या अनुवादकाच्या हातून तो बर्फ वाक्याच्या आरंभीच वितळतो. सेर्व्हांतेस यांच्या १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दोन किहोते’च्या प्रारंभी निवेदक एका गावाचा उल्लेख करतो आणि त्याचे नाव आठवण्याची आपली इच्छा नाही हे ‘कुयो’ने जोडलेल्या गौण वाक्यात, जाता जाता सांगतो. तेच प्रधान वाक्य केले तर ती घोषणा होईल आणि त्यातला खट्याळपणा लोपेल. विद्यार्थ्याला ‘कुयो’ पर्यायांतून अचूक निवडता आला. पण तो विधानाला गौण करतो आणि गौण करण्यातच निवेदकाचा स्वभाव प्रकट होतो, हे कळले नाही, तर तो काय शिकला?

याचा परिणाम मराठी गद्यावरही दिसतो. स्पॅनिश कादंबऱ्या आपल्याकडे पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने आल्या. त्या वाटेवर ‘तो माणूस, जो काल आला होता, जो’ अशी वाक्ये पडलेली आढळतात. मूळ रचनेची चाल आणि मराठीची चाल यांची समोरासमोर गाठच पडली नाही, तर अनुवादक तिसऱ्याच भाषेच्या चालीने चालू लागतो. धातुसाधित विशेषण घ्यावे, ‘जो-तो’ घ्यावा, की वाक्य तोडून दोन करावीत, ही निवड दोन्ही भाषांत वावरणाऱ्यालाच करता येते.

आंतरजालावरील पाठांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या गावात स्पॅनिश शिकवणारे कोणी नाही तिथल्या विद्यार्थ्याला ते माद्रिद आणि बोगोता येथील उच्चार ऐकवतात, न कंटाळता शंभरदा उजळणी करून घेतात, आणि चूक झाली तरी चारचौघांत लाजवत नाहीत. आम्हाला जे थोडेफार वाचता येऊ लागले ते त्यांच्याच कृपेने. शिवाय सर्व मराठी विद्यार्थ्यांना इंग्रजीचे साहाय्य नकोच, असेही आमचे म्हणणे नाही. मात्र मधला दुभाषा किती ठिकाणी अनावश्यक आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. यंत्राने ते सांगितलेले नाही, अध्यापकांनी सांगावे.

या कामी एका जुन्या व्याकरणकाराची आठवण उपयोगी पडेल. काराकासमध्ये जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिले. स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात कोंबू नये, तिची व्यवस्था तिच्यातूनच समजून घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता. त्याच्या अकरा वर्षे आधी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले होते. पुढे १९११ साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. स्पॅनिशचा पाठ उघडताना दामल्यांचा ग्रंथ शेजारी ठेवावा, ही सूचना विक्षिप्त वाटेल. पण आम्हाला ती करावीशी वाटते.

तसा एक साधा प्रयोग आम्ही वर्गात सुरू केला आहे. जोडलेले प्रत्येक स्पॅनिश वाक्य विद्यार्थ्यांनी उलटे जोडून पाहायचे, म्हणजे प्रधान ते गौण आणि गौण ते प्रधान करायचे, आणि दोहोंचा मराठी अनुवाद शेजारी लिहून अर्थात काय फरक पडला ते दोन ओळींत सांगायचे. या उत्तरांना हिरवी किंवा तांबडी खूण देता येत नाही. ती वाचावी लागतात. शेजारणीच्या वाक्यांवर मागच्या तासाला एका विद्यार्थिनीने लिहिले, की पहिल्या वाक्यात शेजारीण आधी दिसते, तर दुसरे वाचताना गाणे आधी ऐकू आल्यासारखे वाटते. हा उलगडा चार पर्यायांत कोठेच नव्हता. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.