गाडीचं तेल घरच्या घरी

मैत्रिणींनो, तेल म्हटलं की आपल्याला कढई आठवते. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळं पडतं, चिकट होतं, मग आपण ते बाजूला काढतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पोटातही तेल असतं आणि तेही तापून तापून निकामी होतं, याकडे आपण कधी बघतो का? मी तरी बघत नव्हते. गाडी मी आठ वर्षं चालवतेय. मुलांची शाळा, मंडई, सासूबाईंचा दवाखाना, सगळं माझ्याकडेच. पण बॉनेट उघडणं हे पुरुषांचं काम, अशी माझी पक्की समजूत!

गेल्या उन्हाळ्यात ती मोडली. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बिलात 'तेल बदलले' असं स्वच्छ लिहिलेलं. एका दुपारी गाडीबरोबर आलेली पुस्तिका चाळत होते, आणि त्यात दाखवल्याप्रमाणे तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवं. माझं तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं! बदललंच नव्हतं, की कमी घातलं होतं, की कुठून गळत होतं? मला सांगता येईना. गॅरेजमध्ये गेलो, तर तिथला माणूस सगळं ह्यांच्याशीच बोलला आणि हे नुसते 'हं, हं' करत राहिले. परत येताना कळलं, ह्यांनाही काही समजलं नव्हतं!

आमच्या शेजारी एक काका आहेत, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "ताई, शिकवतो. पण पान्याला मी हात लावणार नाही. तुम्हीच फिरवायचा."

आधी त्यांनी सांगितलं ते महत्त्वाचं. तेल नुसतं वंगण नाही. ते इंजिनातली उष्णता वाहून नेतं आणि आतली काजळीही पोटात घेतं. म्हणून ते काळं पडतं. नुसत्या रंगावरून तेल वाईट ठरवू नका. आपल्यासारख्यांची गाडी दोन-दोन किलोमीटरच फिरते, इंजिन पुरतं तापतच नाही. मग पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळत राहतं. म्हणूनच बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. गाडी कमी फिरली तरी वर्ष संपलं की तेल बदलायचं.

साहित्य : पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं तेल (लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत पाहा), नवा तेलाचा फिल्टर, बोल्टचा नवा वॉशर, बोल्टच्या मापाचा गोल पाना, फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना, चार-पाच लिटर मावेल असं जुनं घमेलं, नरसाळं, रबरी हातमोजे, फडकी आणि भरपूर रद्दी. गाडी उचलायला जॅक आणि तिला धरून ठेवायला दोन भक्कम लोखंडी स्टँड.

कृती : गाडी सपाट, पक्क्या जागेवर लावा. पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करा. कोमट तेल पातळ होतं आणि घाण घेऊन बाहेर पडतं. फार तापलेलं मात्र हात भाजतं. किल्ली काढून स्वतःजवळ ठेवा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दगड लावा. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. गाडी उचलली की स्टँडवर टेकवा आणि ढकलून पाहा, हलता कामा नये. आणि बायांनो, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक घसरला तर जिवाशी गाठ आहे. स्टँड नसतील तर ओळखीच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी न्या.

वरचं तेलाचं झाकण सैल करा. खाली तेलाची टाकी असते, गॅरेजवाले तिला 'चेंबर' म्हणतात. तिच्या बोल्टखाली रद्दी पसरून घमेलं ठेवा. पान्याने बोल्ट सैल करा, मग हाताने फिरवा. शेवटच्या आट्याला तो आत दाबून धरा आणि झटकन काढा. पहिली धार सरळ खाली पडत नाही, पुढे उडते. माझी कोपरापर्यंत आंघोळ झाली! पंधरा मिनिटं निथळू द्या. मग जागा पुसा, नवा वॉशर घाला आणि बोल्ट आधी बोटांनीच लावा. वाकडा बसला तर आटे जातात. पाना शेवटी, तोही बेताने. जोर काढाल तर नवीन टाकीचा खर्च!

फिल्टर डब्यासारखा असेल तर पट्ट्याच्या पान्याने सैल करून काढा. नव्याच्या रबरी कड्याला बोटाने थोडं तेल लावा. कडं टेकेपर्यंत हातानेच फिरवा आणि पुढे साधारण पाऊण फेरा. पाना नको.

आता सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी तेल ओता. थोडं थांबून पट्टी पाहा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा. तिच्या वर मात्र नको, जास्त तेलही इंजिनाला बाधतं.

इथे मला वाटलं, झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना डोळे तपासायला साताऱ्याहून कोल्हापूरला न्यायचं होतं. स्वयंपाक व्हायचा होता. हातमोजे काढत होते, तेवढ्यात काकांचं वाक्य आठवलं : "गाडी चालू करून दोन मिनिटं खाली बघायचं, मगच हात धुवायचे." कंटाळा आला होता, तरी इंजिन चालू केलं आणि वाकले. फिल्टरपाशी तेलाची पिचकारी उडत होती! लगेच इंजिन बंद केलं. जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, आणि त्यावर मी नवा फिल्टर बसवला होता. दोन कडी एकावर एक, मग घट्ट कसं बसणार?

रद्दीवर आणि फरशीवर चांगलं लिटरभर तेल सांडलं. लाकडाचा भुसा टाकून ते पुसताना माझे हात कापत होते. तसंच निघाले असते तर हायवेवर तेल संपून इंजिन अडकलं असतं, आणि शेजारी सासूबाई. म्हणून सांगते, जुना फिल्टर काढला की त्याचं कडं त्याच्यासोबत आलंय का, हे डोळ्यांनी पाहा. इंजिन चालू केलं की तेलाचा दिवा काही क्षणांत विझायला हवा. न विझल्यास लगेच बंद करा. विझला तरी खाली पाहाच. नंतर पाच मिनिटं थांबून पट्टी पुन्हा पाहा. फिल्टर तेल पितो, त्यामुळे थोडं घालावं लागतं.

जुनं तेल गटारात, मातीत किंवा तुळशीकडच्या कोपऱ्यात मुळीच ओतू नका. वाळवीसाठी लाकडाला लावायची काही घरांत पद्धत आहे, तीही टाळा. ते अंगाला सतत लागणं त्वचेला घातक असतं. २०१६च्या सरकारी नियमांनुसार असं तेल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, परवानाधारकाला जुनं तेल देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी तिच्या अटी वाचा.

कोल्हापूरला आम्ही गेलो आणि परत आलो. त्यानंतर महिनाभर दर रविवारी मी पट्टी पाहिली. पातळी हलली नाही. म्हणजे गळत नव्हतं! माझ्या जुन्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला मिळालं, तेही कुणाला न विचारता.

तुम्ही सगळ्याजणींनी गाडीखाली शिरावं असं मी म्हणत नाही. पण महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद करून, जरा थांबून पट्टी ओढून पाहा. पुसा, पुन्हा घाला, पुन्हा पाहा आणि तारखेनिशी दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. गॅरेजमध्ये गाडी देताना 'जुना फिल्टर मला दाखवा' एवढं म्हणा. समोरचा माणूस मग तुमच्याशी बोलायला लागतो, माझा अनुभव आहे.