अटॅक येऊन गेला म्हणजे माणूस संपला का?

१९ फेब्रुवारी २०२५. जामठ्याला विदर्भ विरुद्ध मुंबई, रणजीची सेमीफायनल, तिसरा दिवस. मुंबईचे खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून खेळत होते. त्या दिवशी सकाळीच मिलिंद रेगे गेले होते. तीनच दिवसांपूर्वी त्यांना ७६ वर्षं पूर्ण झाली होती. पुढे आपण ती मॅच ८० धावांनी जिंकली, जामठ्यालाच तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला, आणि त्या जल्लोषात काळ्या फिती कोणासाठी होत्या हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितो.

रेगे मुंबईचे ऑलराउंडर, ऑफस्पिनर. सुनील गावसकरांचे बालमित्र. ५२ प्रथम श्रेणी सामने, १२६ बळी, दीड हजारावर धावा. भारताकडून कधी खेळले नाहीत. वयाच्या २६व्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला.

काळ लक्षात घ्या. फुगा घालून रक्तवाहिनी उघडायची अँजिओप्लास्टी जगात पहिल्यांदा झाली ती सप्टेंबर १९७७ मध्ये, झुरिचला. रेगेंचा अटॅक त्याच्या आधीचा. आणि टीम कोणती? १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी जिंकलेली मुंबई! एका आजारी खेळाडूसाठी थांबायची या टीमला काही गरज नव्हती. तरी रेगे परतले, रणजी खेळले आणि पुढे मुंबईचे कॅप्टन झाले.

ही गोष्ट सगळे जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण जिद्दीच्या जोरावर माणूस फार तर नेटपर्यंत येतो. अकरा जणांत त्याचं नाव लिहिणारा दुसराच कोणीतरी असतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला कोणीतरी पुन्हा निवडलं, त्याच्यावर टीम सोपवली. पुढे रेगे स्वतः अनेक वर्षं मुंबईचे निवडकर्ते होते, निवड समितीचे अध्यक्षही झाले.

आता आपल्याकडे पाहा, राजेहो. अँजिओप्लास्टी होऊन माणूस महिन्याभरात कामावर येतो, तर "तुम्ही आता आराम करा" म्हणत त्याच्या हातचं काम काढून घेतात. टीबीचा कोर्स पूर्ण केलेल्या पोराला टीममध्ये घेताना कुजबुज होते. कॅन्सरमधून बरी झालेली बाई नातेवाइकांत कायमची 'बिचारी' होऊन बसते. मग लोक काय करतात? लपवतात. छातीत दुखलं तरी ॲसिडिटी म्हणून सोडा पितात आणि बॅट उचलतात. बाहेर बसवले जाऊ या भीतीनं दुखणं अंगावर काढणं, हे जिवावर बेतू शकतं.

काही जण म्हणतील, उद्या मैदानावर काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ ला युरो स्पर्धेत मैदानावरच कोसळला, हृदय बंद पडलं होतं. तिथेच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून वाचला. छातीत यंत्र बसवलं. इटलीच्या नियमात त्या यंत्रासह खेळायला परवानगी नव्हती, म्हणून इंटर मिलान सुटलं. इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डनं त्याला घेतलं. मार्च २०२२ मध्ये, ज्या मैदानावर कोसळला होता त्याच कोपनहेगनच्या मैदानावर तो डेन्मार्कचा कॅप्टन म्हणून उतरला आणि गोलही केला. हे भावनेच्या भरात झालं नाही. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग झालं. आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर नाहीच. तेव्हा कोच, स्कोअरर, व्यवस्थापक अशी दुसरी जागा द्यायची. घरी पाठवायचं नाही.

आपल्या नागपुरात काय करता येईल? खासदार क्रीडा महोत्सवापासून वस्तीतल्या टेनिस बॉल स्पर्धेपर्यंत प्रत्येक ठिकाणी सीपीआर येणारी दोन माणसं तरी असावीत. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉकविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्सची वाट पाहण्यात ती मिनिटं जातात. मोठ्या मैदानांवर, टर्फवर शॉक देणारं एईडी यंत्र हवं. पाहुण्यांच्या स्टेजवर आणि ढोल-ताशावर होणाऱ्या खर्चातून थोडे पैसे इकडे वळवा.

आणि तिसरी गोष्ट फुकट आहे. तुमच्या टीममध्ये, ऑफिसात, मंडळात आजारातून उठलेला कोणी असेल, तर त्याला "तब्येत कशी?" एवढंच विचारून थांबू नका. "डॉक्टर काय म्हणाले? कधीपासून येतोस?" असंही विचारा. आणि तो येईपर्यंत त्याची जागा ठेवा.