संशोधनास होकार देण्यापूर्वी

रंकाळ्याकाठची रोजची वाट एखाद्या संध्याकाळी आजोबांना अनोळखी वाटते आणि घर चिंतेत पडते. पुढे स्मृतिभ्रंशावरील संशोधनात सहभागाची विचारणा झाली, तर आपण काय कराल?

या आजाराची व्याप्ती आपल्याला अशा सहभागातूनच कळली. २०१७ ते २०२० या काळात महाराष्ट्रासह १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ४,०९६ ज्येष्ठांची पाहणी झाली. त्यांत निरक्षरही होते. त्यांच्या दैनंदिन वागण्याची माहिती निकटच्या माणसांनी दिली. त्यावरून साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज निघाला.

होकारापूर्वी मात्र विचारावे : ही केवळ पाहणी आहे की औषधाची चाचणी? नीतिशास्त्र समितीची मान्यता आहे का? चाचणीची शासकीय नोंद झाली आहे का? माहितीपत्रक मराठीतच मागावे. काही चाचण्यांत औषधाऐवजी तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी दिली जाते, हे ध्यानी असू द्यावे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. सहभाग केव्हाही थांबवता येतो. त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत.

समज शाबूत असेतोवर निर्णय रुग्णाचाच. ती क्षीण झाल्यावर कायदेशीर प्रतिनिधी संमती देऊ शकतो. तथापि सुई पाहून आजींनी हात मागे घेतला, तर तो नकारच मानावा. म्हणूनच त्यांची इच्छा आज, त्या सांगू शकतात तोवर, विचारून ठेवावी.