पुढे काय?

बालमित्रांनो,

‘दया’ हा शब्द तुम्ही कितीदा तरी ऐकला असेल. प्रार्थनेत, सुविचाराच्या फळ्यावर, आजीच्या बोलण्यात. पण दया म्हणजे नक्की काय हो? कुणाला रडताना पाहून आपल्याला वाईट वाटतं, ती दया का? छे! ती तर नुसती सुरुवात झाली.

बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानात, प्रभू येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. ख्रिस्ती घरांतल्या मुलांना ती पाठच असते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेलं टाकलं. त्याच वाटेने एक याजक आला, मग एक लेवी आला. दोघेही देवळातली सेवा करणारे. दोघांनी पाहिलं आणि बाजूने निघून गेले. मग आला एक शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे. तरी तोच थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं.

गोष्ट इथेच संपते, असं पुष्कळांना वाटतं. पण खरी गंमत पुढेच आहे, बरं का! दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन, असं सांगून तो गेला. म्हणजे ‘मी माझं काम केलं, सुटलो’ असं तो म्हणाला नाही. आपण निघून गेल्यावर या माणसाचं पुढे काय, हा विचार त्याने केला.

असाच विचार करणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. त्या लहान असताना घरचे सगळे तीर्थयात्रा करत फिरत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मग बहीणही गेली. उपास म्हणजे काय, ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. आता पाहा, भुकेल्याला जेवण दिलं की दया झाली, असं म्हणून त्या थांबल्या असत्या तर? पण त्या थांबल्या नाहीत. मुलींना लिहा-वाचायला शिकवलं. विणकाम, शेती, छपाईची कामं शिकवली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. उद्या कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून! रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पण केडगावचं काम आजही चालू आहे.

आता आपल्या वर्गात येऊ या. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एखादा मुलगा वर्षाच्या मध्येच शाळेत दाखल होतो. पहिल्या दिवशी सगळे त्याला वही देतात, पेन देतात. बाई शाबासकी देतात. आणि चौथ्या दिवशी? डबा खायला तो एकटाच कोपऱ्यात. खेळताना त्याला कुणी गड्यात घेत नाही. त्याचं बोलणं वेगळं म्हणून कुणी हसतंसुद्धा. सांगा बरं, त्या वहीचा त्याला किती उपयोग झाला? वही दिल्यावर आपण सुटलो, पण त्याचं एकटेपण सुटलं का?

दयेला पैसे लागतातच असं नाही. आठवणीने विचारणं लागतं. बुडालेला धडा समजावून द्यायला रोज दहा मिनिटं लागतात. आणि हो, देताना चारचौघांत गाजावाजा नको. घेणाऱ्याची मान खाली गेली, तर ती कसली दया?

आईबाबांनाही एक विनंती. मूल घरी येऊन ‘मी आज अमक्याला मदत केली’ असं सांगेल, तेव्हा कौतुक जरूर करा. पण दोन दिवसांनी हळूच विचारा, “आता कसा आहे रे तो?”

या आठवड्यात कुणाला मदत केलीत, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडे जाल ना?

तुमच्या,
बाई