चिकट तांदळाची सोयरीक

आपल्या मराठी भाषेने चिकटपणावर फार अन्याय केला आहे. पैशाला हात आखडणारा तो चिकट, उठायचे नाव न काढणारा पाहुणाही चिकट, आणि शिताला शीत धरून बसले की भात बिघडला! पानावरचा भात कसा मोकळा, फडफडीत हवा. पूर्वी नव्या सुनेची परीक्षा पातेल्यावरचे झाकण काढूनच होत असे. पण गंमत पाहा, त्याच घरात भाद्रपद जवळ आला की उकडीला चिकटपणा देणारा तांदूळ शोधण्यासाठी सारी पेठ पालथी घातली जाते. पारी फुटली तर मोदक कसला? म्हणजे रोजचा जो दुर्गुण, तोच सणावारी गुण ठरतो.

हे मनात येण्याचे निमित्त म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. अलीकडे आपल्याकडची पुष्कळ मुले डॉक्टरकी शिकायला फिलिपीन्सला जातात, तशी तीही दाव्हाव शहरी गेली आहे. सुटीत बारामतीला आली, ती तिकडच्या खाण्याच्या गोष्टी घेऊनच.

"काका, तिथे रोज साधाच भात, पण सण म्हटला की चिकट तांदूळ हवाच. तो नारळाच्या दुधात शिजवायचा, केळीच्या पानात गुंडाळून उकडायचा, की झाला सुमान. बरोबर पिकलेला आंबा! नारळाचे दूध आणि काळपट साखर घालून आटवला, ताटात थापून वड्या पाडल्या, की बिको."

नाताळापूर्वी, १६ ते २४ डिसेंबर, तिकडची माणसे पहाटेच्या प्रार्थनेला जातात. त्या वेळी चर्चच्या दारात बिबिंका विकायला असते : मातीच्या भांड्यात केळीचे पान, त्यात भिजवून वाटलेल्या तांदळाचे पीठ, आणि वर-खाली निखारे. शेजारीच बांबूच्या नळ्यांत वाफवलेला जांभळट पुतो बुम्बोंग, त्यावर खोवलेला नारळ.

आमच्या सौ.चे माहेर रत्नागिरीचे. ती म्हणाली, "अगं, मग ही आपल्या नारळीभाताची आणि पातोळ्यांची भावंडंच की!"

भावंडे खरी, पण तांदळाची जात निराळी. तांदळातले पिष्ट दोन प्रकारचे असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. पहिले पुरेसे असले की शीत न् शीत वेगळे राहते. तिकडच्या चिकट तांदळात ते जवळजवळ नसतेच. आपला अंबेमोहर या दोहोंच्या मधला : मऊ, थोडासा चिकट आणि सुवासिक.

आणि सोयरीकही जुळून चुकली आहे. फिलिपीन्समधल्या लॉस बानोस गावी १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. तिथून १९६६ साली 'आयआर-८' हे भरघोस पिकणारे वाण बाहेर पडले. आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात त्याचा अंबेमोहराशी संकर झाला आणि १९८७ साली 'इंद्रायणी' जन्माला आली. विनोद असा की, चिकट तांदळाच्या देशातून आलेला हा जावई स्वतः मोकळ्या भाताचा! चिकटपणा आणि सुवास इंद्रायणीला मिळाला तो आपल्या अंबेमोहराकडून.

आमच्या बारामतीत मात्र भाताचे पीक नाही. हा मुलूख मुळात ज्वारी-बाजरीचा. पुढे कालवा आला आणि मान उसाला, गुळाला मिळाला. म्हणून दिवाळीचा अनारसा मला मावळ-भोरच्या तांदळाचे आणि आमच्या गुळाचे लग्न वाटतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा चार-सहा दिवस मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा आणि श्वास रोखून पाहायचे. विरघळून पसरला की बायका म्हणतात, "अनारसा हसला!" माणसाच्या रडण्याला हसणे म्हणणारा हा एकच पदार्थ असावा.

पण या लग्नात तिसरे एक माणूस आहे, त्याला आपण अक्षता द्यायला विसरतो. ते म्हणजे पाणी. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. त्याला पाणी पुरवणारे भाटघरचे आजचे धरण १९२८ साली पुरे झाले, ते भोर तालुक्यात, म्हणजे भाताच्याच मुलखात. तिथल्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्याकडे ऊस उभा राहिला. ज्या डोंगरांवरच्या पावसाने भोरचा तांदूळ पिकतो, त्याच पावसाने इकडचा गूळ होतो. अनारशात दोघे पुन्हा भेटतात, इतकेच.

भेट मात्र सर्वांच्या वाट्याला येत नाही. कालव्याच्या अंगाला सोमेश्वर आणि माळेगावचे साखर कारखाने, हिरवेगार फड. आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूला जिरायत, जिथे अवर्षणाच्या वर्षी टँकरची वाट पाहावी लागते. मोदकांचा भोक्ता मयूरेश्वर नेमका त्या कोरड्या बाजूलाच बसला आहे! एकवीस मोदकांची उकड काढायची तर तिथल्या माउलीला तांदळाआधी पाण्याची चिंता. तीन दिवस पाणी बदलून तांदूळ भिजवणे ही चैन आहे, हे नळाखाली पातेले धरणाऱ्या आपल्याला सुचत नाही.

चिकटपणाचा खरा अर्थ एकमेकांना धरून राहणे. एका तालुक्यातले दोन भाग तसे राहिले नाहीत, तर उद्या आपला अनारसा हसेल, आणि त्या हसण्यात दोष ना तांदळाचा असेल, ना गुळाचा. यंदा पहिला घाणा निघाला की चार अनारसे जिरायतीतल्या एखाद्या घरी जरूर पाठवा. आणि पाण्याच्या वाटणीची गोष्ट निघाली, की तेवढ्यापुरते तरी चिकट होऊ नका.