नैनीतालचं तळं पायी

आपल्याकडून मे महिन्यात निघणाऱ्या कुमाऊंच्या सहलींमध्ये नैनीतालच्या वाट्याला कार्यक्रमपत्रिकेतली जेमतेम एक ओळ येते: आगमन, बोटिंग, मॉल रोडवर खरेदी, मुक्काम. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला की गाडी कौसानीच्या नाहीतर कॉर्बेटच्या रस्त्याला लागते. माणसं एवढ्या लांबून तळ्याकाठी येतात, थोडा वेळ पैसे मोजून पाण्यावर तरंगतात, रंगीत मेणबत्त्या घेतात आणि निघतात. प्रवासात पैसे कसे वाचवावेत, हा या सदराचा विषय नाही. पण नैनीतालबद्दल ठामपणे सांगतो, तिथलं जे उत्तम आहे त्याला तिकीट लागत नाही. ते न बघताच आपण परत येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तळं समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटरवर. लांबी दीड किलोमीटरच्या आतबाहेर, काठाकाठानं पुरी फेरी मारली तर साडेतीन किलोमीटर. एका टोकाला तल्लीताल, जिथे बस थांबते. दुसऱ्या टोकाला मल्लीताल, जिथे नैनादेवीचं मंदिर आणि मोठा बाजार. दोन्ही टोकांना जोडणारे रस्ते दोन. एक मॉल रोड, जो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा ठंडी सडक. ती अयारपाट्याच्या डोंगराखालून, पलीकडच्या काठानं जाते आणि तिच्यावर मोटारी चालत नाहीत.

तल्लीतालच्या डांठवरून, म्हणजे तळ्याचं पाणी जिथे बांध घालून अडवलंय तिथून, ठंडी सडकेला लागा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला लगेच पाणी. झाडं इतकी वाकलेली की काही ठिकाणी फांद्या पाण्याला टेकायला आलेल्या. डोंगर मागे उभा असल्यामुळे ऊन इथून लवकर सरतं. पलीकडे मॉल उन्हात असतो आणि या काठावर स्वेटरची बटणं लावावी लागतात. गावातली म्हातारी माणसं इथे फिरायला येतात, शाळा सुटलेली ब्लेझरवाली मुलं दप्तरं पाठीला अडकवून घरी जातात. समोरच्या काठावरचे हॉर्न पाण्यावरून येईपर्यंत बोथट होतात. ओढ्याच्या खाचेत एखादी शीळ ऐकू आली तर थांबा. सह्याद्रीतला शीळकरी कस्तुर आपल्या ओळखीचा असतो, त्याचा हा हिमालयातला भाऊबंद.

मध्यावर पाषाण देवी लागते. कड्याचा दगड हीच देवी, वरपासून शेंदूर माखलेला. पुढे घंटा, दोन-चार पणत्या, चपला काढायला पायऱ्या. मल्लीतालच्या नैनादेवीला रांग असते, इथे बहुतेक वेळा कोणी नसतं. पायरीवर बसलं की गुडघ्यांच्या खाली पाणी आणि समोर शेर का डांडा या डोंगराचा पूर्ण उतार दिसतो, घरं, शाळा, हॉटेलं एकावर एक चढत गेलेली. दिवे लागले की तो सगळा उतार तळ्यात उतरतो. नैनीतालचं जे चित्र कॅलेंडरवर छापतात ते या बाजूनंच नीट दिसतं. बोटीत बसलेला माणूस वल्ह्यांकडे आणि फोनकडे बघत असतो.

सडक संपते तिथे मल्लीतालचं मोठं मैदान, फ्लॅट्स. संध्याकाळी तिथे फुटबॉल, कधी हॉकी, कधी क्रिकेट चालू असतं आणि बघायला पायऱ्यांवर कोणीही बसावं. भोवतीनं मंदिर, गुरुद्वारा, मशीद आणि १८५८ साली उभं राहिलेलं मेथॉडिस्ट चर्च, जे भारतातलं पहिलं मेथॉडिस्ट चर्च मानलं जातं. पण या मैदानाचा इतिहास तिथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. १८ सप्टेंबर १८८० रोजी, दोन दिवसांच्या अखंड पावसानंतर, शेर का डांडाचा एक उतार सुटला. त्यानं हॉटेल, दुकान, जुनं मंदिर गिळलं. १५१ माणसं गेली. त्या दरडीच्या राडारोड्यानं आजचं हे मैदान एवढं पसरलं. मृतांची आठवण सेंट जॉन इन द विल्डरनेस या जुन्या चर्चमध्ये पितळी पाटीवर कोरलेली आहे. तिथवर चालत जाता येतं आणि जावं.

तळं कोणाचं, हा प्रश्न इथे सुरुवातीपासूनच आहे. १८४१ साली शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन इथे पोचला. त्याआधी हे पाणी आसपासच्या गावांसाठी पवित्र होतं, देवीची जत्रा भरायची आणि बाहेरच्यांना वाट दाखवायला लोक तयार नसत. डोंगरावर नरसिंह नावाच्या थोकदाराचा, म्हणजे स्थानिक जमीनदाराचा, हक्क होता. बॅरननं पुढच्या खेपेला वर बोट आणवली, नरसिंहाला तीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि हक्क सोडतोस की बुडवू, असा दम दिला. नरसिंहानं तिथल्या तिथे वहीत लिहून दिलं. नैनीतालच्या पहिल्यावहिल्या नौकाविहारांपैकी एक तो असा झाला. पुढे साहेबांची वस्ती वाढली. अप्पर मॉलवर हिंदी माणसाला चालायला बंदी होती, असं तिथले जुने लोक सांगतात. आज त्याच मॉलवर हल्द्वानीचा मजूर आणि नाशिकचा शिक्षक शेजारी शेजारी चालतात, विलोच्या झाडाखालच्या एकाच बाकावर बसतात. काठ सगळ्यांना मोकळा आहे, हे या गावानं मिळवलेलं मोठं वैभव मला वाटतं. त्याचा उपभोग पायीच घेता येतो.

बर्फाची शिखरं बघायलाही रोपवे लागत नाही. मल्लीतालहून स्नो व्ह्यूची चढण दोनेक किलोमीटर आहे. खडी आहे, दम लागतो, वाटेत तिबेटी गोंपा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, त्रिशूल, नंदाकोट. मे महिन्यात मात्र धुरकट हवेमुळे वर जाऊनही काही दिसत नाही. रोपवेच्या रांगेत उभ्या असलेल्यांना हे कोणी सांगत नाही. सूर्यास्तासाठी तल्लीतालहून तीनेक किलोमीटरवरची हनुमानगढी. मंदिराच्या आवारातून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पाहुण्यांनी फुकटच फिरायचं ठरवलं तर नाववाल्यांनी, दुकानदारांनी खायचं काय? मुक्काम, जेवण, चहा यांचे पैसे आपण देतोच आणि द्यावेतच. बोटीत बसायचं असेल तर वल्हवणाऱ्याच्या चप्पू नावेत बसा, घासाघीस करू नका. माझं म्हणणं वेगळं आहे. काठाशी ज्याचा संबंध जडला तो एका रात्रीऐवजी दोन रात्री राहतो, पुढच्या वर्षी गर्दी टाळून ऑक्टोबरात येतो. तासाभरासाठी आलेली गाडी मात्र मॉलवर अडकते, धूर सोडते आणि जाते. मे-जूनच्या शनिवार-रविवारी पोलिसांना गाड्या खालीच थोपवाव्या लागतात, अशी वेळ आली आहे.

आणि तळं थकलंय. गावाच्या पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं. २०१७च्या उन्हाळ्यात पाणी इतकं उतरलं होतं की काठाला गाळाचे पट्टे उघडे पडले आणि नावा चिखलात टेकल्या. २००७ पासून तळाशी नळ्यांनी हवा सोडतात, म्हणून मासे तगले आहेत. ऑगस्ट २०१८मध्ये लोअर मॉलचा एक तुकडा खचून थेट तळ्यात गेला. २०२४च्या पावसाळ्यात टिफिन टॉप या डोंगरमाथ्यावरची डोरोथी सीट ही बसायची दगडी जागा कोसळली. १८८०च्या दरडीनंतर डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचं मोठं जाळं बांधलं गेलं, पावसाचं पाणी उतारात न मुरता सरळ तळ्यात यावं म्हणून. वरच्या गल्ल्यांमधून चालताना हे नाले पायाखालून जातात आणि त्यांत चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या साठलेल्या दिसतात. त्यांतलं सगळं शेवटी कुठे जाणार हे चालणाऱ्याला सांगावं लागत नाही, मॉलवर मोटारीच्या काचेआड बसलेल्याला सांगूनही कळत नाही. वर सूखाताल नावाचा खोलगट भाग आहे. पावसात तिथे पाणी भरतं आणि जमिनीखालून झिरपत मोठ्या तळ्याला मिळतं. ती जागा बांधकामांनी आवळत आली आहे. नैनीतालला जाणाऱ्यानं सूखातालही बघावा असा माझा आग्रह आहे. तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही, पण खालचं तळं का उतरतं याचं उत्तर तिथे उभं राहिलं की मिळतं.

सहली काढणाऱ्यांना एक विनंती. दुपारी चारच्या सुमाराला गट तल्लीतालला, डांठवरच्या गांधीजींच्या पुतळ्यापाशी उतरवा आणि सामान घेऊन गाडी पुढे मल्लीतालला जाऊ द्या. ठंडी सडक जवळजवळ सपाट आहे, साठीच्या पुढच्यांनाही झेपते. वाटेत पाषाण देवीपाशी बसू द्या, फ्लॅट्सच्या पायऱ्यांवर अर्धा तास खेळ बघू द्या. ज्यांना हवं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी शांत असताना, नावेतून न्या. पावसाळ्यात मात्र सडकेवर दरडी येतात, तेव्हा हा बेत नको. उन्हाळ्याच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी एवढा बदल करायला वेळ आहे.